पिकलं ते नापास

सरका मंडळी, पुढं सरका! खांबाला टेकून बसलेत ते झोपायच्या तयारीनं बसलेत, मला कळतं. सकाळचं कीर्तन आहे, ऊन अजून मांडवाच्या बाहेर आहे, आणि काहींच्या पोटात पोहे जड झालेत. झोपा खुशाल! पण घोरू नका — पखवाजवाले गोंधळतात.

आज मी आधी प्रश्न विचारणार आहे. गोष्ट मग.

एक हात आहे. तो पिकवतो. एक तोंड आहे. ते खातं. देवानं हे दोघं एकमेकांसाठी केले. हाताला तोंड ठाऊक, तोंडाला हात ठाऊक. आता या दोघांच्या मधोमध एक तिसरा येऊन उभा राहिला. छाती काढून! खिशात शिक्का! म्हणतो — मी दोघांच्या भल्यासाठी उभा आहे. बरं बाबा, उभा राहा. पण मला सांगा मंडळी, त्याला विचारायचं कुणी? की तुझ्यामुळं या हाताचं भलं झालं का? या तोंडाचं झालं का? कुणी विचारायचं?

'सरकारनं' — कोण म्हणालं तिकडून? अहो आबा, तो सरकारनंच उभा केलाय!

बसा खाली. ऐका.

रायतळे नावाचं तालुक्याचं गाव. तिथून नऊ मैलांवर, डोंगराच्या पायथ्याला, पांगरखेल. नकाशात शोधू नका. नकाशावाल्याला तिथं कुणी चहा दिला नाही म्हणून त्यानं ते गाळलं. तर या पांगरखेलात हौसाबाई कामथे. वय साठीच्या पुढं. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की शेजारच्या शिवारातला बैल तिच्या हाकेला वळायचा — मालकाच्या नाही! नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. कुणाचं देणं नाही, कोर्टकज्जा नाही, दारात अंजिराची बेचाळीस झाडं. तेवढाच संसार.

आणि अंजीर कसं? काय सांगू! मधमाश्या पोळं सोडून तिच्या बागेत नोकरी मागायला यायच्या. एक माशी एकदा अंजिरात शिरली, ती परत निघालीच नाही, तिथंच लग्न करून राहिली. हसताय? खोटं वाटतंय? माशीचं खोटं असेल मंडळी, अंजिराचं खरं आहे!

पांगरखेलात एक रीत होती. झाडाला पहिला हात माणसाचा लागायचा नाही. पहिली चोच पाखराची. बुलबुल यायचा, या अंजिरावर बसायचा, त्या अंजिरावर बसायचा, मान वाकडी करायचा — आणि टोच! त्यानं टोच मारली की बाई पदर खोचायची आणि पाटी घ्यायची. त्याच्या आधी नाही. का? देवभोळेपणा? छे! अक्कल! आंबा अढीत घालता येतो. केळं दडपता येतं. अंजीर मात्र झाडावरच पिकतं, एकदा तोडलं की संपलं. कच्चं तोडाल तर देठातून पांढरा चीक गळतो. बोटाला लागला तर बोट सोलतं, ओठाला लागला तर ओठ पुरीसारखा फुगतो. आणि पिकलेलं? त्याला फक्त एक दिवस! सकाळी तोडायचं, दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी पोटात गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी आंबतं. एवढं नाजूक लेकरू आहे ते.

आता हाताचं सांगितलं, तोंडाकडं नेणारी सांगतो. हसीनाबी बागवान. रायतळ्यात दवाखान्याच्या रस्त्यावर तिची फळांची हातगाडी. रोज पहिल्या एसटीनं पांगरखेलला यायची, हौसाबाईच्या कुंपणाशी उभी राहायची.

"आक्का, हाय का?"

"पाखरू येऊन गेलंय. ये आत."

झाला सौदा! ना काटा, ना माप. ही पाटी भरायची, ती डोक्यावर घ्यायची. दहा वाजता अंजीर हातगाडीवर, बारा वाजता दवाखान्यातल्या रोग्याच्या उशाशी. वीस वर्षं असं चाललं. दोघी भांडायच्याही. हौसाबाई म्हणायची, "हसीने, तू लई महाग इकतीस." ती म्हणायची, "आक्का, तुला काय, झाड देतंय. मला उन्हात उभं राहायला लागतंय!" आणि दोघी तिथंच बांधावर बसून भाकरी खायच्या.

मग कायदा आला.

थांबा, थांबा! लगेच दात-ओठ खाऊ नका. कायदा आभाळातून पडला नाही. तुम्ही मागितला होता! हो, तुम्ही! त्या वेळी रायतळ्याच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली हात धरून भाव ठरवायचे. वरून रुमाल, खाली बोटं. दोन बोटं दाबली, तीन दाबली — शेतकरी बिचारा रुमालाच्या कापडाकडं बघत उभा. आपल्या मालाचा भाव, आणि आपल्यालाच दिसत नाही! तेव्हा तुम्ही ओरडलात, आम्हाला उघडा लिलाव पाहिजे, बाजार समिती पाहिजे, नियम पाहिजे! बरोबरच होतं ते. मी पण ओरडलो होतो.

आणि शेतकऱ्यांनो, तुम्हीही गाईचं वासरू नव्हता! पाटीत वरचा थर कसला? ठसठशीत! आणि खालचा? गोट्या! गोट्यासुद्धा बऱ्या म्हणाव्या अशा! गिऱ्हाईक घरी जाऊन पाटी उपडी करायचं आणि तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. मग गिऱ्हाईकही ओरडलं — आम्हालाही नियम पाहिजे!

झालं! दोघांनी हाक मारली. तिसरा आला.

रायतळ्याला मोठं आवार झालं. भिंत, फाटक, पत्र्याची शेड. फाटकावर पाटी — तालुक्यातली सगळी फळं, सगळी भाजी या आवारातच विकायची. बाहेर विकली तर गुन्हा! बांधावर नाही, कुंपणाशी नाही, रस्त्यावर नाही. म्हणजे आता कसं? हौसाबाईनं अंजीर नऊ मैल आवारात न्यायचं. तिथं रांग. तिथं तपासणी. तिथं लिलाव. मग हसीनाबीनं ते घ्यायचं. दिवस केवढा? बारा तासांचा. अंजिराचं आयुष्य केवढं? तेवढंच! त्यातलं अर्धं रांगेत!

बरं, तेही सोसलं असतं. पण समितीनं ठरवलं, प्रत्येक मालाला आकार पाहिजे. काकडी सरळ पाहिजे. वांग्यावर डाग नको. भेंडी वाकलेली नको. अहो, या हिशोबानं समितीतले किती सभासद पास झाले असते? आणि अंजीर? अंजीर केवढं पाहिजे? बैठक बसली. अकरा सभासद. एक वीटभट्टीवाले, एक टुरिंग टॉकीजवाले, चार उसाचे, बाकीचे नुसतेच. अंजिराचं झाड एकाच्याही दारात नाही! केवढं असतं हो अंजीर? कुणालाच सांगता येईना, कारण आजवर सगळ्यांनी ते फुकटच खाल्लेलं. अध्यक्षांच्या मांडीवर त्यांची नात खेळत होती. तिच्या पायात चांदीचा वाळा. अध्यक्षांनी तो काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "एवढं तरी असावं."

टाळ्या! ठराव मंजूर!

मी सांगतो ते खोटं वाटत असेल तर मला दुसरं कारण सांगा — त्या मापाला दुसरं कारणच नाही!

त्या वाळ्याच्या मापाची पितळेची कडी झाली. कडीला लाकडी मूठ. आणि ती मूठ दिली कुणाच्या हातात? मुरलीधर तिखे, निरीक्षक. माणूस वाईट नव्हता हं मंडळी. लाच खायचा नाही, दारू प्यायचा नाही, खोटं बोलायचा नाही. म्हणूनच जास्त भयंकर! लाच खाणाऱ्याशी दोन शब्द बोलता तरी येतात. या माणसाचा कडीवर इतका विश्वास, की घरी बायकोनं लाडू वळले तरी आधी कडीत धरायचा. म्हणतात, त्याच्या घरी जुळी झाली तेव्हा सुईणीनं कडी लपवून ठेवली होती!

नियम असा — अंजीर कडीवर ठेवायचं. कडीत अडकलं तर पास. कडीतून खाली उतरलं तर नापास. नापास माल आवाराच्या मागच्या खड्ड्यात.

पहिल्या दिवशी हौसाबाई पाच पाट्या घेऊन गेली. सगळं झाडावर पिकलेलं, पाखरानं पसंत केलेलं. पाटीत अंजिराचीच पानं अंथरलेली. तिखेंनी एक अंजीर उचललं. कडीवर ठेवलं. आता पिकलेलं अंजीर काय दगड आहे? मऊ! अंगात मध! ते कडीवर बसलं, जरा दबलं, आणि हळूच खाली उतरलं.

"नापास," तिखे म्हणाले.

"अवं सायेब, पिकलंय म्हणून उतरलं त्ये."

"उतरलं ना? मग नापास."

"केवढं मोठं हाय, डोळ्यानं बघा की!"

"बाई, डोळ्यानं बघायचं असतं तर कडी कशाला केली असती?"

घ्या! त्यांनी दुसरं ठेवलं, ते उतरलं. तिसरं उतरलं. मग हौसाबाईच्या पाटीच्या तळाशी एक हिरवं, टणक, चुकून तोडलं गेलेलं अंजीर होतं. तिखेंनी तेही ठेवलं. ते बसलं कडीत ठाण मांडून, हलायला तयार नाही!

तिखेंचा चेहरा खुलला. "हे बघा. हे उत्तम! असा माल आणत जा."

पाच पाट्या खड्ड्यात. खड्ड्यावर आवारातल्या गाई. असं म्हणतात, त्या वर्षी रायतळ्यात चहाला साखर लागेना, गाईचं दूधच एवढं गोड झालं होतं. गाई खायच्या — माणसाला बंदी! आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला हसीनाबी रिकामी पाटी घेऊन उभी होती. तिला पिकलेलं अंजीर पाहिजे होतं. हौसाबाईला ते द्यायचं होतं. दोघींच्या मध्ये वीस पावलं आणि एक पितळेची कडी!

आता रागावा! आता मी सांगतो, आता रागावा!

पण रागाच्या आधी पुढचं ऐका, कारण पुढचं जास्त वाईट आहे. हौसाबाई घरी आली. दोन दिवस जेवली नाही. झाडं भरलेली. रोज नवीन अंजीर पिकतंय, रोज खड्ड्यात जाणार. तिसऱ्या दिवशी पहाटे ती बागेत गेली. बुलबुल अजून आला नव्हता. ती उभी राहिली. एक फांदी खाली ओढली. आणि चाळीस वर्षांत जे केलं नाही ते तिनं केलं — पाखराच्या आधी हात घातला! हिरवंगार, टणक अंजीर तोडलं. देठातून चीक गळला, बोटांवर आला. पुसला. दुसरं तोडलं. पाटी भरली.

आवारात सगळी पास! एकूण एक! पाटीवर शिक्का बसला — 'उत्तम'. तिखेंनी हात जोडले, "बाई, तुम्ही शिकलात."

शिकली! काय शिकली? माणसाला कच्चं खायला घालायला शिकली! मंडळी, चोराला चोर करायला कायदा लागत नाही. सज्जन बाईला लबाड करायला लागतो!

लिलावात हसीनाबीनं पाटी घेतली. हौसाबाईची पाटी ना? तिनं वर शिक्का पाहिला, खाली पानं पाहिली, वासही घेतला नाही. वीस वर्षांचा विश्वास! दवाखान्याच्या रस्त्यावर गाडी लावली. एक बाई आजारी सासूसाठी घेऊन गेली. एक मास्तर घेऊन गेले. एक लेकुरवाळी घेऊन गेली. तासाभरात सगळे परत! सासूच्या ओठाला फोड. मास्तरांची जीभ अशी सुजली की शिव्या द्यायच्या होत्या पण 'अ' आणि 'ब' एवढंच निघत होतं. आणि त्या लेकुरवाळीच्या पोरीचे ओठ... तिथं हसू नका. तिथं मी पण हसलो नव्हतो.

लोकांनी गाडी उलटी केली. चाक मोडलं. "विष विकते!" म्हणाले. हसीनाबी रडत रडत सांगत होती, "अहो शिक्का बघा! सरकारी शिक्का हाय!" कोण बघतो शिक्का?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती पांगरखेलला आली. कुंपणाशी थांबली नाही, सरळ आत.

"आक्का, खरं सांग. तुला ठाव होतं?"

हौसाबाईनं पदर तोंडाशी नेला.

"तुझ्या हातचा माल म्हणून मी वास बी न्हाई घेतला. एक पोरगी तोंड धरून रडत होती. मी काय सांगू तिच्या आईला? माझ्या आक्कानं दिलं म्हणून?"

"हसीने, पिकलेलं खड्ड्यात टाकतात गं."

"मग टाकू दे ना! खड्डा बरा होता. त्याला ओठ नसतात!"

हौसाबाई खाली बसली, आपल्या सोललेल्या बोटांकडं बघत.  मग हौसाबाई म्हणाली, "मी कुणाला भ्याले? त्या कडीला? हसीने, मी आता पिकल्याबिगर तोडणार न्हाई. उद्या गुरुवार हाय, सगळा तालुका असतोय आवारात. पाखरानं टोचलं की अकरा पाट्या घेऊन येते. मरंना झालं."

"आणि नापास केलं तर?"

"तर सगळ्यांदेखत करू दे. एकटीला नापास करायला सोपं जातंय."

वाजवा पखवाज! इथं वाजवा!

गुरुवार. आवार फुललेलं. साठेक शेतकरी. दोनशे गिऱ्हाईक. हमाल, मापाडी, अडते. बेचाळीस झाडांचं सगळं पिकलेलं अंजीर अकरा पाट्यांत. वासानंच माणसं वळत होती. एक म्हातारा अडत्या म्हणाला, "बाई, हा वास मी दहा वर्षांत घेतला न्हाई." तिखे आले. कडी काढली. पहिलं अंजीर ठेवलं — उतरलं.

"नापास."

"थांबा सायेब." हौसाबाई मध्ये उभी राहिली. तिनं कमरेच्या कनवटीतून दोन अंजिरं काढली. एक हिरवं, परवाच्या पाटीतलं मागं राहिलेलं, आणि एक पिकलेलं. "ह्ये हिरवं तुमच्या कडीत अडकतंय. बघा ठेवून."

ठेवलं. अडकलं.

"पास," तिखे म्हणाले.

"मग खावा."

"काय?"

"पास हाय न्हवं? उत्तम हाय न्हवं? लोकास्नी तुम्ही शिक्का मारून दिलं. तुम्ही खावा. मग ह्ये नापास पिकलेलं बी खावा. आन् मग सांगा, कुठलं खड्ड्यात जावं. तुम्ही सांगाल त्ये मी माझ्या हातानं टाकते."

 अडत्यांचे आवाज थांबले. तिखेंनी इकडंतिकडं पाहिलं. मी म्हटलं ना, माणूस खोटा नव्हता. त्यांनी हिरवं अंजीर खाल्लं! चावलं, आणि तोंड असं वाकडं झालं की शेडमधलं कुत्रं उठून बाजूला गेलं. ओठ लाल. डोळ्यांत पाणी. मग पिकलेलं खाल्लं. आणि मंडळी, डोळे मिटले त्यांनी. क्षणभर तो निरीक्षक राहिला नाही. कुणाच्या तरी घरचा मुलगा झाला.

"सांगा सायेब," हौसाबाई म्हणाली.

तिखेंनी रुमालानं ओठ पुसले. सुजत चाललेल्या ओठांनी म्हणाले, "बाई, तुमचं अंजीर गोड आहे. पण चव नियमात नाही."

चव नियमात नाही!

ऐकलंत? फळाच्या नियमात चव नाही! भाजीच्या नियमात ताजेपणा नाही! सगळं आहे — आकार आहे, शिक्का आहे, फाटक आहे, रांग आहे. फक्त ज्यासाठी माणूस फळ पिकवतो आणि ज्यासाठी माणूस फळ खातो, तेवढंच नाही!

हमालांनी पाट्या उचलल्या. खड्ड्याकडं निघाले. आणि आता मी तुम्हाला विचारतो, साठ शेतकरी तिथं उभे होते. त्यातल्या तीस जणांचा माल त्याच कडीनं आधी खड्ड्यात घातला होता. किती जण पुढं आले? दोनशे गिऱ्हाईक. त्यातल्या कित्येकांचे ओठ दोनच दिवसांपूर्वी सुजले होते. किती जण बोलले? सांगा! बोट वर करा!

एकही नाही.

एकजण म्हणाला, "आपला माल पुढच्या आठवड्यात हाय, आपण वाईट कशाला व्हा." दुसरा म्हणाला, "साहेबाचाही नाइलाज असतो." तिसरा घड्याळ बघत होता.

हौसाबाईनं ते सगळं पाहिलं. मग तिनं हमालाला हाक मारली — तीच हाक, बैल वळवणारी! हमाल थांबले.

"सायेब, इकायला बंदी हाय. द्यायला हाय का?"

तिखेंनी नियमाचं पुस्तक उघडलं. पान उलटलं. पुन्हा उलटलं. "द्यायला... नाही. फुकट द्यायला बंदी नाही."

"मग ठेवा पाट्या खाली. घ्या रे! घ्या गं! फुकट हाय!"

आणि मंडळी, मग काय झालं? अहो, पूर आला! जी माणसं अर्ध्या पावलानं पुढं सरकायला तयार नव्हती, ती उड्या मारून आली! टोपी काढून टोपीत भरलं. पदर पसरला. घड्याळ बघणारा दोन्ही हातांनी खात होता. साठ शेतकरी, दोनशे गिऱ्हाईक, अकरा पाट्या — चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात फस्त! हनुवटीवरून रस गळत होता.

हसीनाबी मोडक्या चाकाची गोष्ट विसरून एका पाटीवर चढली.

"खाल्लं ना? गोड हाय ना? मास्तर, तुम्ही सांगा, गोड हाय ना? मग आता त्या सायबाला सांगा! एकानं तरी सांगा! आम्हाला ह्ये पाहिजे म्हणून सांगा!"

शांतता.

का? अहो, तोंडं भरली होती ना! भरल्या तोंडानं कसं बोलणार? लोकांनी माना हलवल्या, बोटं चाटली, पानं तिथंच टाकली आणि घरी गेले. कुणी म्हणालं, "बाई दानशूर आहे." कुणी म्हणालं, "पुढच्या गुरुवारी पण या हं आक्का!"

हौसाबाई पायरीवर बसली. तिच्या त्या तोड्याचं एक अंजीर उरलं नाही, आणि एक शब्द मिळाला नाही. तिला म्हणे त्या दिवशी कडीचा राग आला नाही. कडी पितळेची. पितळेवर काय रागवायचं?

मंडळी, आता माझ्याकडं बघा. खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा! सुरुवातीला मी विचारलं होतं, मधल्याला विचारायचं कुणी? तो मधला उभा कशावर असतो ठाऊक आहे? तो तुमच्या गप्प बसण्यावर उभा असतो! हाताला वाटतं तोंड बोलेल, त्याला तर रोज खायचंय. तोंडाला वाटतं हात बोलेल, पिकवलंय त्यानं. आणि दोघांच्या गप्प बसण्याच्या दोन विटांवर तो तिसरा पाय ठेवून उभा! तुम्हाला नियम नको असं मी म्हणत नाही. रुमालाखालचे दिवस परत आणा म्हणत नाही. नियम पाहिजे! पण ज्यानं पिकवलं त्याला विचारून, ज्यानं खाल्लं त्याला विचारून! नातीच्या वाळ्याला विचारून नाही!

आता काल्याचा प्रसाद. दरवर्षी लाह्या असतात, ठाऊक आहे. यंदा नाहीत. ती पाटी आणा इकडं. उघडा. वास आला? आज पहाटे पाखरानं टोचलेली आहेत. हौसाबाई आज आलेली नाही, तिनं फक्त पाटी पाठवली आणि एक निरोप. निरोप असा — "बुवा, मी एकदा फुकट वाटलं. चूक झाली माझी. लोकास्नी फुकटची सवय लागली. ह्या येळी फुकट देऊ नका."

तर किंमत सांगतो. पैसा नाही. परवा गुरुवार आहे. आवाराचं फाटक सात वाजता उघडतं. हौसाबाई आणि हसीनाबी तिथं उभ्या राहणार आहेत, पाट्या घेऊन. ज्याला प्रसाद घ्यायचाय, त्यानं परवा सात वाजता त्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि तोंड उघडायचं. खायला नाही — बोलायला! ज्याला जमणार नाही त्यानं पाटी पुढं सरकवायची. लाज वाटून घेऊ नका. पण घेतलं तर यायचं. देवासमोर घेतलंय!

सरकवा पाटी. पहिल्या रांगेतून सुरू करा...

हं. समितीचे अध्यक्षसाहेब, तुम्ही पुढं सरकवलीत. बरं. सभासद, तुम्हीही. दुसरी रांग... गेली की पुढं! अरे, हात आखडले का? त्या दिवशी टोप्या भरल्या होत्या ना?

नाही, टाळ वाजवू नका. पखवाजवाले, हात खाली. आज गजर नाही. देवाला उगाच हाक मारून इथं कशाला आणायचं, काय दाखवायला? पाटी मांडवभर फिरू दे. ती रिकामी होऊन माझ्या पायाशी येईल तेव्हा गजर होईल. भरलेली आली तर परत फिरेल. मला घाई नाही, माझ्या गळ्यात वीणा आहे, ती असेपर्यंत बसायचं नसतं, आणि माझे पाय अजून चांगले आहेत.

मी उभा आहे.